जायरोट्रॉनची नियंत्रण प्रणाली कशी बांधावी: आधी वेळेचा हिशेब, मग संगणक

टोकामाक या संलयनाच्या प्रयोगयंत्रात चुंबकीय क्षेत्राने कोंडलेला प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) तापवायच्या पद्धतींपैकी एक म्हणजे मायक्रोवेव्ह, आणि इतक्या मोठ्या शक्तीच्या मायक्रोवेव्हचा स्रोत म्हणजे जायरोट्रॉन. ही एक निर्वात नळी: कॅथोडमधून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत (बीम) आपली काही ऊर्जा मायक्रोवेव्हला देतो, उरलेली कलेक्टरवर जिरते. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत एसएसटी-१ या टोकामाकसाठी ४२ गिगाहर्ट्झचा, ५०० किलोवॉटचा, ५०० मिलिसेकंद चालणारा जायरोट्रॉन आहे. फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामाक प्रकल्पात १७० गिगाहर्ट्झचे, प्रत्येकी १ मेगावॉटचे २४ जायरोट्रॉन बसवायची मूळ योजना होती. त्यातले रशिया आणि जपानचे आठ-आठ, युरोपचे सहा आणि भारताचे दोन. तिथला पल्स ३६०० सेकंदांपर्यंत चालला पाहिजे.

अर्धा सेकंद असो की तास, ट्यूब (म्हणजे जायरोट्रॉनच) महाग आणि नाजूक असते, पर्यायी ट्यूब सहसा शेल्फवर नसते. त्यामुळे ‘ट्यूब आली, पॉवर सप्लाय आला, आता कंट्रोल सिस्टिम जोडा’ असं काम अंगावर पडलं की बहुतेक जण आधी स्क्रीन काढायला बसतात. हिरवे-लाल दिवे, बटणं, ग्राफ. ते शेवटी करायचं काम आहे. सुरुवात कागदावर करायची, आणि त्या कागदावर एकच प्रश्न: काय बिघडलं तर किती वेळात थांबावं लागेल?

पायरी १: बिघाडांची वेळेनुसार वाटणी

१ मेगावॉटची मायक्रोवेव्ह किरणं १ मिलिसेकंद चुकीच्या जागी गेली तर तिथे १००० ज्यूल ऊर्जा पडते. ट्यूबच्या आत ठिणगी पडली तर सहसा १० ज्यूलच्या वर ऊर्जा तिच्यात जाऊ द्यायची नाही, हा या क्षेत्रातला रूढ नियम. हे दोन आकडे शेजारी ठेवले की संगणकाची जागा आपोआप ठरते. ऑफिसात वापरतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा प्रोग्राम कधी १ मिलिसेकंदात प्रतिसाद देईल, कधी ३० मिलिसेकंदांत. ट्यूब वाचवण्याचं काम त्याच्याकडे द्यायचंच नाही.

मग तीन रांगा पाडा. पहिली मायक्रोसेकंदांची: ट्यूबमधली ठिणगी, बीम करंट अचानक वाढणं, वेव्हगाइडमधला (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या नळीतला) आर्क, बॉडी करंट (बीममधून ट्यूबच्या अंगाकडे गळणारा छोटा करंट). इथे १० मायक्रोसेकंदांच्या आत उच्च दाब (म्हणजे उच्च व्होल्टेज) जायला हवा. हे काम कंपॅरेटर (पातळी ओलांडली की सांगणारं सर्किट) आणि साधं लॉजिक किंवा एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी लॉजिक चिप) करेल. दुसरी रांग मिलिसेकंदांची: किरणं निर्माण न होणं, प्लाझ्मा विझणं, कलेक्टरवर बीम फिरवणारी कॉइल बंद पडणं. तिसरी सेकंदांची: पाण्याचा प्रवाह, तापमान, आयन पंपाचा करंट (निर्वात बिघडला की वाढतो), सुपरकंडक्टिंग मॅग्नेट, फिलामेंट (कॅथोड तापवणारी तार). तिसऱ्या रांगेला पीएलसी (कारखान्यांत वापरतात तो औद्योगिक नियंत्रक) उत्तम. त्याचा स्कॅन काही दहा मिलिसेकंदांचा असतो, आणि पाण्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

माणसांची सुरक्षा या तीन रांगांच्या बाहेर ठेवायची. उच्च दाबाच्या खोलीचं दार, अर्थिंग रॉड, इमर्जन्सी स्टॉप यांची साखळी थेट तारेने जोडलेली हवी. सगळे संगणक बंद असले तरी ती चालली पाहिजे. इटरनेही अशीच विभागणी केली आहे. नेहमीचं नियंत्रण, यंत्राचं संरक्षण आणि माणसांची सुरक्षा या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत, त्यांची उपकरणंही वेगळी. खर्च वाचवायला दोन एकत्र करा असं कोणीतरी मीटिंगमध्ये सुचवेल. ऐकू नका.

पायरी २: दहा ज्यूलचा हिशेब

इथे थोडं रेंगाळू या, कारण याच जागी सर्वाधिक गोंधळ होतो. समजा कॅथोडला ५० किलोव्होल्ट आहेत आणि पॉवर सप्लायपासून ट्यूबपर्यंत ५० मीटर उच्च दाबाची केबल. कोअॅक्सियल केबलची धारकता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर एकूण ५ नॅनोफॅरड. साठलेली ऊर्जा, अर्धा गुणिले धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, ६.२५ ज्यूल. म्हणजे नुसत्या केबलमध्ये दहापैकी सहा ज्यूल बसलेत, आणि तुमचं इंटरलॉक (बिघाड दिसताच यंत्र बंद करणारी व्यवस्था) कितीही वेगवान असलं तरी ते ठिणगीत जायला मोकळे आहेत. पॉवर सप्लायच्या बाजूला बसवलेला स्विच या ऊर्जेला हातही लावू शकत नाही.

उपाय दोन. केबल शक्य तितकी आखूड करा, आणि ट्यूबच्या अगदी जवळ काही दहा ओहमचा मालिका रोध लावा, म्हणजे केबलची बरीचशी ऊर्जा रोधात जिरते. हे काम पॉवर सप्लायवाल्यांचं, आपलं नाही, असं म्हणून नियंत्रणवाले बाजूला होतात. पण १० मायक्रोसेकंदांचा आकडा शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतो, म्हणून केबलची लांबी ठरते त्या बैठकीला हजर राहा.

आता वेळेची फोड. ठिणगीचा करंट सेन्सरने पकडायला १ मायक्रोसेकंद, कंपॅरेटर आणि लॉजिकला अर्धा, ऑप्टिकल फायबरमधून ५० मीटर जायला पाव (फायबरमध्ये मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात), आणि स्विच उघडायला तीन ते पाच. बेरीज सातच्या आत बसते. मध्ये कुठेही रिले घातला की संपलं. रिलेला मिलिसेकंद लागतात.

जुन्या पद्धतीत उच्च दाबाला समांतर इग्निट्रॉनचा (पाऱ्याच्या स्विच-नळीचा) क्रोबार, म्हणजे मुद्दाम शॉर्ट सर्किट करणारा स्विच, असतो. तो सगळी ऊर्जा आपल्याकडे ओढून घेतो, पण पुढे मुख्य पुरवठ्याचा ब्रेकर उघडेपर्यंत शॉर्ट सर्किटचा करंट वाहतच राहतो. म्हणून क्रोबारचा आदेश आणि ब्रेकरचा आदेश एकाच क्षणी, दोन वेगळ्या फायबरवरून द्यावेत. नव्या पॉवर सप्लायमध्ये बरीच सॉलिड-स्टेट मॉड्यूल्स मालिकेत असतात, ती स्वतःच काही मायक्रोसेकंदांत बंद होतात. तिथे क्रोबार लागत नाही, मात्र मॉड्यूल्सना जाणारा ‘बंद’ आदेश सगळ्यांना एकदम पोचतोय का, हे ऑसिलोस्कोपवर पाहून घ्यावं.

पायरी ३: मोजमापं

कॅथोड व्होल्टेजसाठी डिव्हायडर लागतो. १०,०००:१ चा असेल तर ५० किलोव्होल्टचे ५ व्होल्ट होतात. नुसत्या रोधकांचा डिव्हायडर लावू नका. १०० मेगाओहमच्या साखळीला आजूबाजूची काही पिकोफॅरड धारकता चिकटते, आणि शेकडो मायक्रोसेकंदांची सुस्ती येते. मग व्होल्टेज हळू चढतंय असं दिसतं आणि लोक बिचाऱ्या पॉवर सप्लायला दोष देत बसतात. रोधकांना समांतर कपॅसिटर लावून जुळवलेला डिव्हायडर घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्क्वेअर वेव्ह देऊन तपासा.

बीम करंट दहा-वीस अँपियरच्या घरात, तर बॉडी करंट मिलिअँपियरच्या. हा छोटा करंट फार बोलका. बीम वाट सोडून कॅव्हिटीच्या (ट्यूबमधल्या, किरणं तयार होणाऱ्या पोकळीच्या) भिंतीला घासू लागला की आधी इथे कळतं. त्याला वेगळा सेन्सर, वेगळी वायर, वेगळा अर्थ. अडचण अशी की व्होल्टेज चढताना स्ट्रे कपॅसिटन्स चार्ज होण्याचाही करंट याच मार्गाने जातो आणि खोटा ट्रिप (यंत्र आपोआप बंद करणारा इशारा) देतो. म्हणून चढत्या काळापुरता हा ट्रिप झाकायचा, ज्याला सगळे ब्लँकिंग म्हणतात. ब्लँकिंग बॉडी करंटला आणि ‘किरणं नाहीत’ या ट्रिपला चालतं. आर्कच्या प्रकाशाला आणि बीम ओव्हरकरंटला कधीही नाही. नव्या माणसाने वैतागून सगळ्याच चॅनेलना ब्लँकिंग लावलेलं आढळतं, ते पहिल्याच दिवशी तपासा.

‘किरणं नाहीत’ हा ट्रिप लोकांना सुरुवातीला उलटा वाटतो. काहीच निघत नाही, मग घाई कसली? पण किरणं निघत नाहीत म्हणजे इलेक्ट्रॉनांनी ऊर्जा दिलीच नाही, आणि ती सगळी कलेक्टरवर चालली आहे. नेहमीपेक्षा खूप जास्त. कलेक्टर एवढा भार थोडाच वेळ सोसतो. म्हणून डायोड डिटेक्टरचा सिग्नल ठरावीक पातळीच्या वर आला नाही तर काही मिलिसेकंदांत बंद करायचं. चुकीच्या मोडमध्ये, म्हणजे भलत्याच वारंवारतेवर, गेलेली ट्यूब डिटेक्टरला फसवू शकते, कारण थोडी शक्ती दिसतच असते. जोडीला हार्मोनिक मिक्सरचा रिसीव्हर ठेवून वारंवारता पाहावी.

फिलामेंटचं मोजमाप कॅथोडच्याच दाबावर, म्हणजे उणे ५० किलोव्होल्टवर होतं. तिथून जमिनीपर्यंत माहिती फक्त फायबरनेच आणायची. सगळ्या इंटरलॉक फायबरना एकच नियम लावा: उजेड म्हणजे ठीक, अंधार म्हणजे ट्रिप. तुटलेला फायबर, निघालेला कनेक्टर, मेलेला ट्रान्समीटर, सगळे आपोआप सुरक्षित बाजूला पडतात. पाण्याच्या प्रवाहाच्या आणि दाबाच्या (प्रेशरच्या) सिग्नलसाठी ४ ते २० मिलिअँपियरचं लूप वापरण्यामागेही हाच विचार आहे. शून्य मिलिअँपियर म्हणजे वायर तुटली.

मॅग्नेटचं बाहेर सांडणारं क्षेत्र विसरू नका. ४२ गिगाहर्ट्झच्या ट्यूबला सुमारे दीड टेस्लाहून थोडं जास्त क्षेत्र लागतं, १७० गिगाहर्ट्झला साडेसहाच्या पुढे. शेजारच्या रिले, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, टर्बो पंप यांच्यावर त्याचा परिणाम होतो. उपकरणांचं पॅनेल कुठे ठेवायचं ते मॅग्नेट चालू करून, गॉसमीटर हातात घेऊन ठरवा.

पायरी ४: शक्ती किती निघाली, ते पाण्याला विचारा

डायोडचा सिग्नल वेगवान, पण आकड्यावर भरवसा ठेवण्यासारखा नाही. खरी शक्ती कळते डमी लोडच्या (टोकामाकऐवजी किरणं शोषून घेणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या भाराच्या) पाण्यावरून. ५०० किलोवॉट, अर्धा सेकंद, म्हणजे २५० किलोज्यूल. लोडमधून मिनिटाला १०० लिटर पाणी वाहत असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्या तापमानातल्या फरकाचं वेळेवर केलेलं इंटिग्रेशन भरतं साधारण ३६ अंश-सेकंद. ही उष्णता पुढचे वीसेक सेकंद बाहेर पडत राहते, म्हणजे सरासरी फरक जेमतेम १.८ अंशांचा. दोन सेन्सरमध्ये ०.१ अंशाचा जरी कायमचा फरक राहिला तरी वीस सेकंदांत २ अंश-सेकंद होतात. साडेपाच टक्क्यांची चूक, आणि ट्यूब चांगली की वाईट हे ठरवायला ती पुरते.

उपाय साधे आहेत. जोडीने जुळवलेले चार वायरचे पीटी-१०० (प्लॅटिनमचे तापमान-सेन्सर) घ्या. पल्सच्या आधी निदान अर्धा मिनिट नोंद घेऊन तो शून्य-फरक वजा करा. शक्य असेल तर पाणी कमी करा. मिनिटाला ५० लिटर केलं की सिग्नल दुप्पट. पल्स संपल्यावर फरक पुन्हा शून्यावर येईपर्यंत इंटिग्रेशन थांबवू नका. मात्र प्रवाह कमी करताना लोडच्या निर्मात्याने दिलेली किमान मर्यादा पीएलसीत आधी टाकलेली असावी.

तासभराच्या पल्सला गणित सोपं होतं, पाणी मात्र अवाढव्य लागतं. १ मेगावॉट उष्णता १० अंशांच्या वाढीत काढायची तर सेकंदाला सुमारे २४ लिटर.

पायरी ५: संगणक, आता कुठे

वरचं सगळं संगणकाशिवाय चालतंय हे दाखवता आलं की मग सॉफ्टवेअर. त्याची कामं: क्रम चालवणं, आकडे ठरवणं, नोंद ठेवणं, दाखवणं. क्रम साधारण असा. पाणी, निर्वात, मॅग्नेट, मग फिलामेंट सावकाश चढवणं. फिलामेंटला घाई चालत नाही. निर्मात्याने दिलेला दर पाळायचा आणि आयन पंपाचा करंट वर गेला की चढ आपोआप थांबायला हवा. त्यानंतर उच्च दाब. बॉडी किंवा अॅनोडचं व्होल्टेज आधी की कॅथोडचं, हे ट्यूबच्या प्रकारावर अवलंबून असतं, तेव्हा तिच्या कागदपत्रात असेल तोच क्रम ठेवा आणि तो ऑपरेटरला बदलता येऊ नये.

लांब पल्सची एक गंमत आहे. बीम चालू झाला की इलेक्ट्रॉन बाहेर पडताना कॅथोडची उष्णता घेऊन जातात, कॅथोड थंडावतो आणि करंट घसरत जातो. म्हणून पल्सच्या थोडं आधी फिलामेंट वाढवतात आणि पल्सदरम्यान ठरवलेल्या वक्रावर चालवतात. हा वक्र प्रत्येक ट्यूबचा वेगळा, प्रयोगानेच सापडतो. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आधीपासून टेबलची जागा ठेवा, नाहीतर कोणीतरी कोडमध्ये आकडे कोंबत बसेल.

चौकट कोणती निवडावी? छोट्या चाचणी केंद्राला पीएक्सआय चॅसिस (मोजमापाच्या कार्डांची पेटी) आणि लॅबव्ह्यू या तयार सॉफ्टवेअरने काम लवकर उभं राहतं. दहा-पंधरा वर्षं चालवायची, लोक बदलत राहणार अशी यंत्रणा असेल तर माझा कौल एपिक्स या नियंत्रण-सॉफ्टवेअरला. अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि अर्गोन प्रयोगशाळांत जन्मलेली ही मुक्त प्रणाली इटरने मध्यवर्ती नियंत्रणासाठी घेतली आहे, आणि गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या वेधशाळाही ती वापरतात. महाराष्ट्रातल्या तरुण इंजिनिअरांनी ती शिकून ठेवावी. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया होऊ घातलं आहेच. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टँगो ही तिच्यासारखीच दुसरी प्रणाली निवडली, तीही वाईट नाही. नावांची शिस्त पहिल्या दिवशी ठरवा. ‘टेम्प३_न्यू’ असा चॅनेल एकदा घुसला की निघत नाही.

नोंदीचं गणित आधी करा. १६ चॅनेल, सेकंदाला १० लाख नमुने, प्रत्येकी २ बाइट: सेकंदाला ३२ मेगाबाइट. अर्ध्या सेकंदाच्या पल्सला १६ मेगाबाइट, कोणीही साठवेल. तासाला ११५ गिगाबाइट, आणि त्यातलं जवळपास सगळं सपाट रेघ. म्हणून लांब पल्सला दोन वेग ठेवतात. सतत हजार-दहा हजार नमुन्यांची नोंद, आणि बाजूला एक फिरता बफर जो ट्रिप झाला की त्याआधीचे आणि नंतरचे काही मिलिसेकंद पूर्ण वेगाने गोठवतो.

ट्रिपच्या कारणाची नोंद ही या प्रणालीतली सर्वात उपयोगी गोष्ट म्हणेन. ठिणगी पडली की काही मायक्रोसेकंदांत ओव्हरकरंट, बॉडी करंट, ‘किरणं नाहीत’ असे सगळेच दिवे पेटतात आणि स्क्रीन लाल होतो. खरं कारण एकच, पहिलं. ते पकडायला वेगवान लॉजिकमध्येच पहिल्या ट्रिपचा लॅच (पहिला सिग्नल धरून ठेवणारं सर्किट) आणि प्रत्येक ट्रिपला मायक्रोसेकंदाचा टाइमस्टॅम्प हवा. पीएलसीकडून क्रम लावायला गेलात तर चुकीचाच मिळेल, कारण त्याच्या एका स्कॅनमध्ये सगळे एकत्रच येतात.

पायरी ६: ट्यूब जोडण्याआधीच्या चाचण्या

प्रत्येक इंटरलॉक खऱ्या कारणाने ट्रिप करून पाहा. सॉफ्टवेअरमध्ये बिट बदलून नव्हे. पाण्याचा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष फिरवा, आर्क डिटेक्टरच्या फायबरसमोर फ्लॅश मारा, फायबर उपटा, पीएलसीची वीज काढा, आणि संगणकाची केबल पल्सच्या मध्यात ओढा. दर वेळी उच्च दाब गेला का आणि किती मायक्रोसेकंदांत, ते ऑसिलोस्कोपवर मोजून वहीत लिहा.

मग वायर टेस्ट. ट्यूबच्या जागी, तिच्याच केबलच्या टोकाला, बारीक तांब्याची तार लावून पूर्ण व्होल्टेजवर शॉर्ट सर्किट करतात. ०.२ मिलिमीटर व्यासाची, ५-६ सेंटिमीटर लांबीची तार पूर्ण वितळायला ढोबळमानाने १० ज्यूल लागतात. तार शाबूत राहिली तर संरक्षण पास. तार उडाली तर ट्यूबला हात लावायचा नाही, परत दुसऱ्या पायरीवर. चाचणी एकदा जमली म्हणून थांबू नका; लागोपाठ काही वेळा, आणि केबल किंवा स्विचमध्ये काहीही बदललं की पुन्हा. याला आळस करणारे लोक भेटतात, आणि चाचणीचे फोटो मागितले की विषय बदलतात.

याच सुमारास गळतीची तपासणी. वेव्हगाइडच्या जोडांभोवती मायक्रोवेव्ह गळती मोजायचे डिटेक्टर ठेवा. इतक्या वारंवारतेला मिलिमीटरभर फटही पुरते. कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा संपूर्ण शरीरासाठी सरासरी ५० वॉट प्रति चौरस मीटर आहे, सर्वसामान्यांसाठी १०. ट्यूबभोवती क्ष-किरणांसाठी शिशाचं आवरण आणि मोजणी वेगळी लागते.

पायरी ७: कंडिशनिंग, आणि मग प्लाझ्मा

ट्यूब डमी लोडवर आधी मिलिसेकंदांच्या पल्सने चालवायची, आयन पंपाचा करंट बसला की लांबी वाढवायची. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सॉफ्टवेअरला द्या: पल्स, वाट पाहणं, निर्वात ठीक असेल तर थोडी वाढ, ट्रिप झाला तर एक पाऊल मागे. फक्त लागोपाठ तीन ट्रिप झाले की त्याने थांबून माणसाला बोलावलं पाहिजे.

टोकामाकला जोडताना एक नवा प्रश्न येतो. प्लाझ्मा नसेल तर किरणं शोषली जात नाहीत, समोरच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर आदळतात. म्हणून प्लाझ्माची घनता किंवा करंट ठरावीक पातळीच्या खाली गेला की मायक्रोवेव्ह बंद, असं इंटरलॉक सगळीकडे असतं. पण एसएसटी-१ सारख्या सुपरकंडक्टिंग टोकामाकमध्ये हीच किरणं प्लाझ्मा पेटवायला, म्हणजे प्री-आयनायझेशनला वापरतात. २०१३ साली तिथला पहिला प्लाझ्मा ०.७५ टेस्ला क्षेत्रात, ४२ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकवर (त्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन फिरतात त्याच्या दुप्पट वारंवारतेवर) असाच पेटला. अशा वेळी घनतेचं इंटरलॉक सुरुवातीपासून लावलं तर पल्स सुरूच होणार नाही.

तिथे वेळेची खिडकी ठेवतात. पहिल्या काही मिलिसेकंदांत घनतेची अट शिथिल, पण त्या खिडकीच्या शेवटी हायड्रोजनचा प्रकाश दिसलाच पाहिजे, नाहीतर बंद. त्यानंतर नेहमीचं इंटरलॉक लागू. खिडकीची लांबी कंट्रोल रूममधून कोणालाही बदलता येऊ नये. तिची किल्ली मायक्रोवेव्हच्या प्रमुखाकडे राहू द्या, आणि प्रत्येक शॉटच्या (प्रयोगाच्या एका फेरीच्या) फाइलमध्ये खिडकी किती होती तो आकडा आपोआप लिहिला जाऊ द्या. हीच सोय सगळ्या ट्रिप-मर्यादांना आणि बायपासना (तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या इंटरलॉकना) करा. कोणता बायपास कोणत्या शॉटला चालू होता हे फाइल उघडताच पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे.